पुरावा धनकोने द्यावा!

धनकोच्या भयाने परदेशी गेलेला माणूस आश्रय मागतो, तेव्हा तेथील न्यायाधिकरण विचारते : भय खरे काय? आणि स्वतःचे राज्य तुला संरक्षण देत नाही काय? हा दुसरा प्रश्न पालघरच्या आदिवासी मजुराच्या वतीने आपण आपल्याच राज्ययंत्रणेला विचारला पाहिजे.

डहाणू-उंबरगावात लग्नाच्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबणाऱ्या वारल्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या लढ्याने ती वेठ मोडली. आज तिचे नाव ‘उचल’. जव्हार-मोखाड्याचा कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर जातो. हिशेबाची वही मात्र मालकापाशी असते.

अशा स्थितीत मजुराकडे कागद मागणे म्हणजे न्याय नाकारणेच होय. वेठबिगार निर्मूलन कायदा, १९७६ हे ओळखतो. कलम १५ अन्वये, मजुराने कर्ज वेठीचे असल्याचे सांगितले की ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर पडतो. ‘उचल सिद्ध झाल्याखेरीज वेठबिगार नव्हे’ हा हरियाणा सरकारचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात फेटाळला. सक्तीची मजुरी दिसली की उचल गृहीत धरावी, असा त्याचा दंडक आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी मजुराबरोबर प्रांत कचेरीत जावे, कलम १५ चा लेखी उल्लेख करून चौकशी मागावी, मुक्ततेचा दाखला मिळेपर्यंत हटू नये. कायद्यातील दक्षता समित्यांच्या बैठका भरतात काय, हेही विचारावे. भ्यालेल्या माणसाला एकट्याने साक्ष द्यावी लागू नये, हेच संघटनेचे काम.