होडीची डागडुजी : यादीत माणसालाही धरा

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की पंचगंगेच्या काठी पुराचा विषय निघतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी आपल्याला पुष्कळ शिकवले. त्यातला एक धडा असा की, पाणी दारात आल्यावर बोटीची वाट पाहण्यापेक्षा आपली होडी आधीच तयार असावी. म्हणून मृगाच्या आधी वर्षभर पालथी पडलेली होडी उचलून पाहण्याची वेळ येते. कुठे जुनी लाकडी नाव असते, कुठे फायबरची होडी, कुठे लोखंडी पत्र्याची. काहीच नसले तर गुऱ्हाळातली काहील असतेच.

दुरुस्ती ठरली की सामानाची यादी होते. फळ्या, खिळे, फायबरचे मॅट, रेझिन, रंग, ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडरच्या चकत्या. काम करणाऱ्याचे डोळे, फुप्फुसे आणि हात सांभाळणारे सामान मात्र त्या यादीत सहसा नसते. होडी तयार होते आणि ती तयार करणारा खोकत किंवा डोळा धरून दवाखान्यात येतो. माझे मत स्पष्ट आहे. ज्या अंदाजपत्रकात हे सामान नाही, ते अंदाजपत्रक अपुरे समजावे.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. ‘आमच्या आजोबांनी कधी तोंडाला काही बांधले नाही, त्यांना काय झाले?’ आजोबांच्या हातात वाकस, रंधा आणि पटाशी होती. त्यांच्या कामात ढलपे आणि भुसा पडायचा, तो जमिनीवर बसायचा. आजच्या ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते आणि जी धूळ उडवते ती डोळ्यांना दिसतही नाही. हत्यार बदलले, सवय मात्र जुनीच राहिली. दुखणे तिथून सुरू होते.

हात लावण्याआधी

पालथ्या होडीखाली थंडावा असतो. तिथे उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. आपल्या भागात नाग, घोणस, मण्यार हे तिन्ही आढळतात. काठीने ठोकून, लांबूनच एक कड उचलून, बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. पायांत स्लीपर नको, जाड बूट हवेत.

उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो. होडीतले साचलेले पाणी व चिखल उघड्या हातापायांनी काढू नये, विशेषतः कुठे खरचटलेले असेल तर. रबरी मोजे आणि गमबूट घालावेत. असे काम केल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्यांत वेदना व डोळे लाल अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना ‘होडी साफ केली होती’ हे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान सोपे होते.

सुलटी ठेवलेली होडी म्हणजे पावसाच्या पाण्याचे मोठे भांडेच. त्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास सुखाने वाढतो. काम नसेल तेव्हा होडी पालथीच ठेवावी.

होडी किती खराब झाली आहे हे पाहायला भारी यंत्र लागत नाही. लाकडी फळीत टोच्या सहज घुसला तर ती कुजलेली आहे. फायबरच्या होडीवर छोट्या हातोडीने ठोकत जावे. आम्ही रुग्णाची छाती बोटांनी ठोकून पाहतो, तसेच हे. घट्ट जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी पोकळ.

रुमाल म्हणजे मास्क नव्हे

जुना रंग खरवडणे हे सर्वांत धोक्याचे काम. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता बरीच आहे. लोखंडाला गंज लागू नये म्हणून पूर्वी जो शेंदरी थर देत, तो पुष्कळदा शिशाचाच असे. ही धूळ पोटात व फुप्फुसांत गेली की पोटात कळा, बद्धकोष्ठ, अशक्तपणा, रक्तक्षय अशी दुखणी होतात. लहान मुलांच्या तर मेंदूच्या वाढीवरच परिणाम होतो. म्हणून कामाचे कपडे घरात झटकू नयेत, ते वेगळे धुवावेत. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. तंबाखू मळणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. तळहातावरचे शिसे चुन्याबरोबर थेट तोंडात जाते.

जुना रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर घेऊन, पाणी मारत हाताने घासावा. वेळ लागतो, पण धूळ उडत नाही. पाणी वापरताना जवळपास विजेचे यंत्र चालू नसावे.

फायबर घासताना काचेचे सूक्ष्म तुकडे उडतात. त्याने अंगाला खाज सुटते आणि घसा खवखवतो. लाकडाच्या धुळीने दमा बळावतो, आणि वर्षानुवर्षे ती नाकात जात राहिली तर नाकाचा कर्करोगही होऊ शकतो. या सर्व धुळींना तोंडावरचा रुमाल अडवत नाही. कोरोनाच्या साथीत घरोघरी माहीत झालेला एन-९५ मास्क अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. एन-९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. रेझिन, थिनर आणि रबरी बोटीचे सोल्युशन यांच्या वाफेने डोके दुखते, गरगरते, माणूस बेशुद्धही पडतो. त्यासाठी कोळशाचे डबे लावलेला रबरी मुखवटा मिळतो, तो घ्यावा. बंद शेडमध्ये हे काम करूच नये. बोटीचे इंजिनही बंद जागेत चालवून पाहू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे तो कळत नाही.

डोळा एकदाच मिळतो

मागावरून उडालेला धोटा डोळ्याचे काय करतो, हे इचलकरंजीला सांगायला नको. ग्राइंडरवरून उडालेली कपची धोट्याहून लहान असते आणि वेगाने मोठी. नेहमीचा नंबरचा चष्मा पुरेसा नाही. कडेने बंद असलेला गॉगलच हवा. ग्राइंडरचे संरक्षक कव्हर काढून मोठी चकती बसवण्याची खोड तर सोडूनच द्यावी. प्रत्येक चकतीवर तिचा कमाल वेग छापलेला असतो. यंत्राचा वेग त्याहून जास्त असेल तर चकती फुटते.

फायबरच्या कामातले हार्डनर डोळ्यात उडाले तर दृष्टी जाऊ शकते. शेजारी स्वच्छ पाण्याची घागर व तांब्या भरून ठेवावा. काही उडालेच तर त्याच क्षणी डोळा उघडा धरून वीस मिनिटे पाण्याची धार धरावी आणि मग दवाखाना गाठावा. आधी दवाखाना आणि मग पाणी हा क्रम चुकीचा आहे. हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, त्याचा भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये चांगले ढवळावे, हार्डनर शेवटी.

पत्र्याच्या होडीला किंवा काहिलीला वेल्डिंग करताना काचेचा शील्ड हवा, तो धरणाऱ्या मदतनिसालाही हवा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन पाणी वाहू लागते, त्याला आपल्याकडे ‘वेल्डिंग लागले’ म्हणतात. त्यावर दूध, बटाट्याचा कीस असले काही डोळ्यात घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. जस्ती पत्र्यावर वेल्डिंग केल्यास संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तो जस्ताच्या धुराचा असतो. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून तो अंगावर काढायची सवय लागते. ती वाईट.

हात, कान आणि वीज

लुंगी, गळ्यातला टॉवेल, सैल बाही ही तिन्ही फिरत्या यंत्राजवळ नकोत. ग्राइंडर चालवताना चामड्याचे मोजे घालावेत, पण ड्रिलवर मोजे घालू नयेत, ते गुंडाळून बोट ओढले जाते. रेझिनच्या कामाला नायट्राइलचे मोजे. लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावणाऱ्यांनी ते बिब्ब्याचे भावंड समजावे, कातडीवर फोड येतात.

‘आमच्या कानांना खडखडाटाची सवय आहे,’ असे कारागीर अभिमानाने सांगतात. कानाला सवय होत नसते. ऐकू येणे कमी होते, त्यालाच आपण सवय म्हणतो. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर कानात बोळे घालण्याची वेळ झाली. साधा कापूस नको, दुकानात मिळणारे फोमचे घ्यावेत.

घाटावरची ओली जमीन आणि आगपेटीच्या काडीने सॉकेटात अडकवलेली वायर, याहून वाईट जोडी नाही. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच यांशिवाय नदीकाठी विजेचे यंत्र चालवू नये.

आणखी एक, खास आपल्या गावासाठी. सूत-कापडाचे वेस्ट इथे मुबलक मिळते आणि तेल पुसायला तेच वापरतात. अळशीच्या तेलात भिजलेल्या वेस्टचा ढीग काडी न लावताही आपोआप पेटू शकतो. असे बोळे मोकळे पसरून वाळवावेत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावेत.

खिळा लागला तर

धनुर्वात गंजामुळे होत नाही, मातीतल्या आणि शेणातल्या जंतूंमुळे होतो. जखम साबण-पाण्याने भरपूर धुवावी. हळद, डिझेल, तंबाखू लावू नये. लसीचा मूळ क्रम पूर्ण झालेला असेल तर दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो. जखम घाण असेल आणि मागचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल, तर पुन्हा घ्यावा. शेवटचा डोस कधी घेतला, याची तारीख घरात लिहून ठेवावी.

खर्च कोणी करायचा?

गॉगल, दोन-चार एन-९५, दोन प्रकारचे मोजे आणि कानांचे बोळे एवढे साहित्य चांगल्या रंगाच्या चार लिटरच्या डब्यापेक्षा कमी पैशांत येते. डबे लावलेला मुखवटा थोडा महाग, पण तो एकदाच घ्यायचा आणि फक्त डबे बदलायचे. रोजंदारीवरच्या माणसाने हे पदरचे आणावे, ही अपेक्षा रास्त नाही. होडी ज्याची, सामान त्याचे. ग्रामपंचायत असो, तरुण मंडळ असो किंवा २०२२ साली झालेली आपली महानगरपालिका असो, दुरुस्तीचे काम देतानाच कागदावर ही यादी लिहावी आणि ती वापरली जाते का हे कामावर जाऊन पाहावे.

याच कागदावर लाइफ जॅकेटांची तपासणीही लिहावी. उन्हाने कापड विरते, आतला फोम दबतो, बंद तुटतात. जॅकेट घालून कमरेभर पाण्यात उतरावे आणि पाय उचलून पाहावे. तोंड पाण्यावर राहिले तर ठीक, नाहीतर ते फेकून द्यावे. होडीत किती माणसे बसवायची, तो आकडा मोठ्या अक्षरांत तिच्या अंगावर रंगवावा. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटून डझनाहून अधिक माणसे गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते.

आणि काही होड्या दुरुस्त करायच्याच नसतात. कणा कुजलेली लाकडी नाव किंवा जागोजागी थर सुटलेले फायबर नुसता रंग मारून पाण्यात सोडणे म्हणजे लोकांना फसवणे आहे. तिला चुलीत किंवा भंगारात घालावे आणि नवी घ्यावी. चुलीत घालताना मात्र रंग लागलेले लाकूड घालू नये. शिशाचा धूर मग स्वयंपाकघरातच येतो.