पत्रा कापण्याआधी

जुलैत पुण्याच्या एक किलो हवेत साधारण 17 ग्रॅम पाण्याची वाफ असते. एप्रिलच्या कोरड्या दुपारी ती निम्म्यावर येते. डिझेल इंजिन तेच, इंधनही तेच. पण दमट हवेत ज्वाळेचं तापमान उतरतं आणि धुरात नायट्रोजन ऑक्साइड कमी भरतात. म्हणजे पावसाळा इंजिनाला न कमावलेले गुण देतो. उत्सर्जन चाचणीच्या नियमांत यासाठी दुरुस्तीचं सूत्र आहे, किलोमागे 10.71 ग्रॅम वाफ धरून. पण सूत्र सरासरी इंजिनाचं असतं. नवं इंजिन घडवणाऱ्याला समोरच्या इंजिनाचं वागणं कळायला हवं, म्हणून आत जाणारी हवाच नेमक्या ओलाव्याची द्यावी लागते.

भोसरीतल्या शेडमध्ये आम्ही अशी हवा देणारी यंत्रं बनवतो. गार कॉइलवर जादा पाणी काढायचं, हवा पुन्हा तापवायची, ओलावा कमी पडला तर वाफ सोडायची. ट्रकचं मोठं इंजिन तासाला हजारेक किलो हवा ओढतं; किलोमागे 6 ग्रॅम काढले तर तासाला 6 लिटर पाणी निघतं. ते जमतं. अवघड आहे ते वाफ सारखी मिसळणं. वाफेच्या नळीनंतर लगेच इंजिनाकडे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टला वळण असलं की आतल्या कडेला भोवरा होतो आणि वाफेचा पट्टा न मिसळताच एका बाजूने पुढे जातो. पत्रा गार असेल तर तिथेच थेंब धरतात. सेन्सर नेमका त्या पट्ट्यात आला तर कंट्रोलर वाफ तोडतो, इंजिनाला कोरडी हवा मिळते आणि पडद्यावरचा आकडा बरोबरच दिसत राहतो!

हे डक्ट बसवल्यावर कशाला कळायला हवं? संगणकावर डक्टच्या पोकळीचे लाखो कप्पे पाडून प्रत्येकातला वेग, तापमान आणि वाफ काढता येते. ओपनफोम हे सॉफ्टवेअर 2004 पासून मोफत आहे, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो. तरीही आमच्याकडे येणाऱ्या चौकशीत ब्लोअरची ताकद असते, पत्र्याची जाडी असते. इंजिनाच्या तोंडाशी वाफ किती सारखी पसरलेली हवी, याबद्दल एक अक्षर नसतं. नळी हातभर मागे घेऊन बघायला संगणकावर एखादी रात्र जाते. बसवलेला डक्ट कापायचा तर चाचणीच बंद ठेवावी लागते.

वाफ किती सारखी पसरलेली हवी, ही अट खरेदीदारांनी ऑर्डरमध्येच घालावी. आणि नुसत्या रंगीत चित्रांवर बिल मंजूर करू नये. गणितात भोवऱ्यांबद्दल गृहीतकं असतात, ती चुकू शकतात. डक्टच्या तोंडावर आडवे-उभे निदान नऊ ठिकाणी ओलावा मोजून घ्यावा, तोही इंजिन पूर्ण भारावर चालू असताना.