दिवा वावरासाठी, डोळे दिपवण्यासाठी नव्हे



दिवाळीच्या आगेमागे एखाद्या संध्याकाळी अमरावतीहून अकोल्याकडे निघा. बडनेरा मागे पडले की दोन्ही बाजूंना काळ्या मातीची सपाट वावरे लागतात. कुठे सोयाबीनची मळणी चालू असते, कुठे कपाशी फुटलेली असते. अंधार पडला की या वावरांत मध्येच एक पांढरीशुभ्र पट्टी लखलखू लागते. जवळ जाऊन पाहावे तो ट्रॅक्टर! त्याच्या छतावर हातभर लांबीची एलईडी दिव्यांची पट्टी बसवलेली असते. तिलाच ‘लाईट बार’ म्हणतात.

वाळूतून आणि डोंगरातून, जिथे रस्ताच नाही अशा ठिकाणी चालवायच्या चारचाकी मोटारसायकली परदेशात असतात. त्यांना एटीव्ही म्हणतात. त्यांच्यावर असे बार सर्रास लावतात. आपल्या वऱ्हाडात तसली वाहने क्वचितच दिसतील, पण बार मात्र आला. तो ट्रॅक्टरवर बसला, जीपवर बसला आणि आता मोटारसायकलवरही दिसू लागला आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हा बार वावरात जरूर असावा, पण ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला लागताच तो बंद झाला पाहिजे. असे का, ते आता पाहू.

बंदी का नको?

काही जण म्हणतील, असल्या दिव्यांवर सरसकट बंदीच घाला. मला ते पटत नाही. शेतीपंपाची वीज पुष्कळ गावांत पाळीपाळीने मिळते आणि पाळी रात्रीची आली, की हरभऱ्याला, गव्हाला पाणी रात्रीच द्यावे लागते. “रातीच लाईन येते, तं रातीच ओलित करा लागते,” असे कास्तकार सांगतो, तेव्हा त्यात हौस नसते. मळणीयंत्र भाड्याचे असले तर तेही आपल्या पाळीलाच येते, मग रात्रीचे अकरा वाजलेले का असेनात. पायाखाली साप असू शकतो, धुऱ्यावर रानडुक्कर असू शकते. मळणीयंत्राच्या तोंडाशी हात गेला तर काय होईल, ते सांगायला नको. अशा माणसाला चांगला उजेड मिळालाच पाहिजे.

निवड कशी करावी?

पांढरा उजेड देणारा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या प्रकाशाच्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर असतो. निळा आणि पिवळा प्रकाश एकत्र आले की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. हा कार्यक्षम निळा डायोड घडवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साधा तंतूचा दिवा एका वॅटला सुमारे १० ते १५ ल्यूमेन प्रकाश देतो. चांगला एलईडी १०० किंवा त्याहूनही अधिक देतो. म्हणूनच हातभर पट्टीने अख्खे वावर उजळते.

बाजारात बारच्या खोक्यावर ‘३०० वॅट’ असे ठळक छापलेले असते. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि इंजिन चालू असताना हा दाब सुमारे १४ व्होल्ट होतो. अँमीटर लावून पाहिले आणि प्रवाह ५ अँपिअर भरला, तर तो बार ७० वॅटचा झाला. मग खोक्यावर काहीही छापलेले असो!

दुसरी गोष्ट झोताची. काही बारमधून अरुंद झोत निघतो आणि दूरवर जातो. काहींमधून रुंद उजेड पसरतो. दुकानदार दूर जाणारा झोत भिंतीवर मारून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण हिशेब करा. वावरात ट्रॅक्टर ताशी ६ किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे एका सेकंदाला दोन मीटरही जात नाही. त्याला २०० मीटरवरचे झाड दिसून काय उपयोग? त्याला हवी जवळची सरी, बाजूचा धुरा आणि मागचे अवजार. म्हणून रुंद उजेडाचा, कमी वॅटचा बार घ्यावा आणि जमले तर एक छोटा दिवा मागे अवजारावर लावावा.

तिसरी गोष्ट धूळ आणि पाण्याची. बारवर ‘आयपी ६७’ असे लिहिलेले असते. त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी पाणी शिरत नाही. आपल्या मळणीच्या धुळीला आणि आषाढातल्या पावसाला असाच बार टिकेल.

बसवताना काय पाहावे?

बार छताच्या अगदी पुढच्या कडेला लावला आणि त्याचा उजेड बॉनेटवर पडला, तर ते चकाकणारे पत्र्याचे तोंडच चालकाच्या डोळ्यात उजेड मारते. मग पुढचा अंधार आणखी गडद वाटतो. मळणीच्या धुळीतही तसेच होते. धुळीचे कण उजेड परतवतात. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका परतलेला उजेड डोळ्यांत अधिक येतो. म्हणून धुळीच्या कामासाठी दिवा खाली आणि बाजूला असलेला बरा.

एलईडीच्या झोतात ऊब जाणवत नाही, म्हणून तो तापत नाही असे समजू नका. उष्णता डायोडमध्येच साचते आणि मागच्या धातूच्या पाकळ्यांतून हवेत जाते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, तेव्हा या पाकळ्यांवर चिखल वाळून बसलेला असेल, तर डायोडचे आयुष्य घटते. पाकळ्या साफ ठेवाव्यात.

आता तार. समजा बार १० अँपिअर प्रवाह घेतो आणि जाऊन-येऊन ६ मीटर तार लागते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरली, तर तिचा विरोध सुमारे ०.२ ओहम होतो. म्हणजे २ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि २० वॅट उष्णता तारेत निर्माण होते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर हाच विरोध पाचपट कमी होतो आणि उष्णता केवळ ४ वॅट. तारेवर बचत करणारे लोक ट्रॅक्टरच्या वायरिंगला आग लागण्याची सोय करून ठेवतात! बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज हवा. मध्ये रिले हवा, म्हणजे मोठा प्रवाह बटणातून जात नाही. आणि बारचे बटण हेडलाईटपासून वेगळे हवे. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तुम्ही शेजारी उभे राहून प्रश्न विचारा.

रस्त्यावर काय होते?

आता तोच ट्रॅक्टर कापूस भरून बाजाराच्या वाटेला लागला आहे. बार चालूच आहे. समोरून तुम्ही सायकलवर येत आहात.

अंधारात आपण डोळ्यांतील दंडपेशींच्या साहाय्याने पाहतो. त्यांत ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. प्रखर उजेड पडताच ते विघटित होते आणि पूर्ववत व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. शिवाय तीव्र प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि दृष्टीसमोर धुके पसरल्यासारखे होते. आजोबांना मोतीबिंदू असेल, तर हे धुके कितीतरी दाट होते. समोरच्या मोटारवाल्याला तीनच सेकंद काही दिसले नाही असे धरा. त्याचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर तेवढ्या वेळात तो ५० मीटर आंधळेपणाने पुढे जातो. त्या ५० मीटरमध्ये बैलबंडी असेल तर?

आपला रस्ता आता गुळगुळीत आहे. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत एका पदरीचा ७५ किलोमीटर रस्ता घालून जागतिक विक्रम झाला. चांगल्या रस्त्यावर वेग वाढतो. वेग वाढला की डोळे दिपण्याची किंमतही वाढते.

यासाठी नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात, की पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळवलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. हे डोळे कोणाचे, ते ओळखलेत ना? समोरून येणाऱ्याचे! हेडलाईटला अप्पर-डिपर असते. बारला नसते. तो एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद. म्हणून रस्त्यावर तो बंदच हवा आणि वर एखादे कापडी झाकण असले तर उत्तम. म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी कोणाला त्रास नाही.

पुढे लखलखाट, मागे अंधार

मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. पुढच्या बारवर हजार-दोन हजार रुपये खर्च होतात आणि मागच्या ट्रॉलीला लाल दिवासुद्धा नसतो. असला तर तो पऱ्हाटीच्या भाऱ्याखाली झाकलेला असतो. अंधारात हळू चालणारी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसतच नाही. दिवा हा आपल्याला दिसावे म्हणून असतो, तसाच आपण दुसऱ्याला दिसावे म्हणूनही असतो. ही दुसरी बाजू आपण विसरलो आहोत.

आणि हा उपाय किती स्वस्त आहे! बाजारात जिला ‘रेडियमची पट्टी’ म्हणतात, तिच्यात रेडियम नावालाही नसते. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. ते पडलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात. म्हणून मागून येणाऱ्याच्याच दिव्याने ती पट्टी त्याच्यासाठी चमकते. ना बॅटरी, ना तार. ट्रॉलीला लावा, बंडीला लावा, आपल्या सायकलच्या मडगार्डवर लावा.

शेवटी एक प्रयोग. रात्री मोकळ्या मैदानात एका मित्राला पन्नास पावलांवर उभे करा. त्याच्या एका हातात टॉर्च द्या, दुसऱ्या हातात पाटी द्या आणि पाटीवर मोठा आकडा लिहायला सांगा. दुसऱ्या एकाने बाजूने पाटीवर मंद उजेड टाकावा. आधी टॉर्च तुमच्या डोळ्यांकडे रोखलेली असताना आकडा वाचून पाहा, मग ती जमिनीकडे वळवून पाहा. जो फरक दिसेल, तो बाबांना आणि काकांनाही दाखवा. नियमाचे पुस्तक वाचून दाखवण्यापेक्षा याने काम लवकर होईल.

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. तेथे डिसेंबरअखेर भरणाऱ्या कृषिप्रदर्शनात नवी अवजारे पाहायला हजारो कास्तकार येतात. तिथे एका कोपऱ्यात ट्रॅक्टरचे दिवे तपासून, झोत खाली वळवून देणारी आणि ट्रॉलीला पट्ट्या चिकटवून देणारी मुले उभी राहिली, तर किती छान होईल! ती मुले तुमच्याच शाळेची का असू नयेत?