डासांना श्वासाचं आमिष: कार्बन डायऑक्साइडचा सापळा म्हसवडसारख्या गावाच्या कामाचा आहे का?

जून २०२५ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने एक योजना जाहीर केली. विशाखापट्टणम, विजयवाडा, काकीनाडा, राजमहेंद्रवरम, नेल्लोर आणि कर्नूल या सहा महापालिकांमध्ये मिळून ६६ ठिकाणी सेन्सर बसवायचे. ते डासांची संख्या, प्रजाती, नर की मादी हे ओळखणार, सोबत तापमान आणि आर्द्रता टिपणार. मग सरसकट धूर न सोडता जिथे डास जास्त तिथेच फवारणी करायची. बातमीत एआय होतं, ड्रोन होते, त्यामुळे ती आपल्या सगळ्यांच्या फीडमध्ये फिरली.

माझं गाव म्हसवड. बातमी वाचल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो असा: सहाच्या सहा महापालिका, मग नगरपरिषदेच्या गावांचं काय? आणि दुसरा, जास्त महत्त्वाचा: डास मोजायचे म्हणजे नेमकं काय मोजायचं?

दुष्काळी भागात डेंग्यू कसा?

माण तालुका पर्जन्यछायेत येतो. माणगंगेचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडं असतं. इथे पाऊसच नाही, तर डास कुठून येणार, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला डबकं लागतच नाही. त्याला लागतं घरात साठवलेलं स्वच्छ पाणी. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे प्रत्येक घरात बॅरल, हौद, सिंटेक्सची टाकी, रांजण भरलेले असतात. म्हणजे टंचाई जितकी जास्त, तितकी साठवण जास्त, आणि तितकी या डासाची सोय जास्त.

हे नुसतं तर्काने बोलत नाहीये. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण पुणे किंवा मुंबईत नाही, तर पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. झिका पसरवणारा डासही हाच, एडिस. आणि पुरंदरचा बराचसा भागही आपल्यासारखाच कमी पावसाचा. तिथे विषाणूचा पत्ता लागला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, रक्ताचे नमुने तपासल्यावर. थोडक्यात, आधी माणूस आजारी पडला, मग यंत्रणेला कळलं. डासांवर नजर ठेवण्याचा सगळा खटाटोप हा क्रम उलटा करण्यासाठी आहे.

श्वास हेच आमिष

डासाची मादी आपल्याला शोधते ते आधी श्वासावरून. हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण दहा लाखांत ४२० भाग असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो सुमारे ४ टक्के, म्हणजे जवळपास शंभर पट. मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंना छोटे स्पर्शक असतात, त्यांवर हा वायू ओळखणाऱ्या पेशी असतात. श्वासाचा झोत लागला की ती वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडत येते. जवळ आल्यावर गडद रंग, अंगाची ऊब आणि घामाचा वास तिला नेमकं ठिकाण दाखवतात. फोनच्या भाषेत सांगायचं तर कार्बन डायऑक्साइड हे नोटिफिकेशन आहे. ॲप उघडायचं काम वास आणि ऊब करतात.

सापळा हीच नक्कल करतो. एक छोटा पंखा, खाली जाळीची पिशवी, आणि वर कार्बन डायऑक्साइड सोडणारी नळी. जवळ आलेला डास पंख्याने आत ओढला जातो. अमेरिकेच्या सीडीसीचा लाइट ट्रॅप १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि त्याच्याशेजारी कोरडा बर्फ, म्हणजे उणे ७८ अंशांवर गोठलेला कार्बन डायऑक्साइड, टांगायची पद्धत रूढ आहे. पकडलेले डास प्रयोगशाळेत पाठवून त्यांच्यात विषाणू आहे का तेही पाहता येतं. वेस्ट नाइल तापासाठी अमेरिकेत हे काम नेमाने चालतं.

हा सापळा नसेल तर पर्याय काय? एक माणूस पाय उघडा टाकून बसतो आणि पायावर बसलेला प्रत्येक डास नळीने ओढून घेतो. मलेरियाच्या अभ्यासात ही पद्धत अनेक दशकं वापरली गेली. डेंग्यूच्या भागात असं करणं म्हणजे त्या माणसाला धोक्यात घालणं, कारण मलेरियासारखी प्रतिबंधक गोळी इथे नाही. सापळ्यातला वायू त्या माणसाची जागा घेतो, ही त्याची खरी किंमत.

सिलिंडर नाही? साखर आहे

म्हसवडमध्ये कोरडा बर्फ रोज आणणार कोण? सिलिंडर भरून आणायचा तर तोही खर्च. पण आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. साखरेच्या पाण्यात यीस्ट टाकलं की आंबताना कार्बन डायऑक्साइडच सुटतो.

हिशोब करून बघू. २५० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर जास्तीत जास्त १२८ ग्रॅमच्या आसपास वायू मिळतो, म्हणजे साधारण ७० लिटर. शांत बसलेला माणूस मिनिटाला अंदाजे २०० ते २५० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे पाव किलो साखरेत एका माणसाचा पाच-सहा तासांचा श्वास! प्रत्यक्षात आंबण्याचा वेग कमी-जास्त होतो, पण एका रात्रीच्या सापळ्यासाठी अंदाज यायला एवढं पुरे. केनियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये साखरेऐवजी उसाची मळी वापरूनही मलेरियाचे डास सापळ्यात आणता येतात हे दाखवलं. आपल्याकडे मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, त्यामुळे साखर किंवा गूळच बरा.

कोणी करून बघणार असेल तर बाटली घट्ट बंद करू नका, वायूला नळीतून वाट ठेवा, नाहीतर बाटली फुटेल. आणि सापळा झोपायच्या जागेजवळ नको. तो डास बोलावतो, हे विसरू नका.

आमिष बदललं की आकडा बदलतो

आता इंजिनिअर म्हणून मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. सापळ्यात आलेले डास म्हणजे गावातले डास नव्हेत. ते त्या आमिषाला, त्या वेळी, त्या जागी भुललेले डास. डेटाच्या कामात आपण याला सॅम्पलिंग बायस म्हणतो.

कार्बन डायऑक्साइड बोलावतो ते रक्ताच्या शोधात असलेल्या माद्यांना. अंडी घालायच्या तयारीत असलेली मादी त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. तिच्यासाठी पाण्याचं आमिष असलेले वेगळे सापळे असतात. सिंगापूरने असे हजारो 'ग्रॅव्हिट्रॅप' इमारतींमध्ये लावलेत. दुसरी गोष्ट, एडिस दिवसा चावतो. रात्रभर सापळा लावलात तर गटारातल्या क्युलेक्स डासांनी पिशवी भरेल आणि डेंग्यूचा डास निसटेल. तिसरी, एडिस सहसा जन्मल्या जागेपासून काहीशे मीटरच्या आतच राहतो, त्यामुळे एका पेठेतला सापळा दुसऱ्या पेठेबद्दल काही सांगत नाही.

स्मार्ट सापळ्यांनाही हे लागू आहे. पंखांच्या फडफडीची वारंवारता बऱ्याच माद्यांमध्ये ४०० ते ६०० हर्ट्झच्या दरम्यान असते, नरांची त्याहून जास्त, आणि प्रजातीनुसार फरक पडतो. त्यावरून मॉडेल डास ओळखतं. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने २०१७ मध्ये हे साध्या मोबाइलच्या माइकवरही जमतं हे दाखवलं. पण मॉडेल कितीही हुशार असलं, तरी सापळ्याकडे जो डास आलाच नाही त्याला ते मोजणार कसं?

जाता जाता: फोनमधून 'अल्ट्रासोनिक' आवाज काढून डास पळवणारी ॲप्स अनइन्स्टॉल करा. त्यांनी डास चावायचे थांबत नाहीत, हे चाचण्यांमध्ये तपासून झालंय. आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो असं सांगून विकला जाणारा निळ्या दिव्याचा डबा घेताना एवढाच विचार करा: त्याची स्पर्धा त्याच खोलीत श्वास घेणाऱ्या तुमच्याशी आहे.

मग म्हसवडने काय करावं?

आत्ता आपल्याकडे आशाताई आणि आरोग्य कर्मचारी घरोघरी फिरून टाक्यांमध्ये अळ्या शोधतात. त्यावरून दर शंभर घरांत किती घरी अळ्या सापडल्या हा निर्देशांक काढतात. ही पद्धत जुनी आहे, पण टाकाऊ नाही. तिची उणीव एवढीच की अळ्या दिसतात, उडणारे डास दिसत नाहीत. सापळा ती उणीव भरून काढू शकतो.

त्यासाठी ६६ सेन्सर नकोत. चार-पाच साधे सापळे, दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी, त्याच आमिषाने. आकड्याची तुलना विशाखापट्टणमशी नाही, तर आपल्याच मागच्या आठवड्याशी. त्या आकड्याशेजारी एक रकाना हवा: नळाला पाणी कोणत्या तारखेला आलं. मला वाटतं, आपल्या भागात हा रकाना एखाद्या महागड्या सेन्सरपेक्षा जास्त सांगून जाईल.

आणि पहिला सापळा टांगण्याआधी एक गोष्ट कागदावर ठरलेली हवी: आकडा किती वाढला की कोण, किती दिवसांत, कुठे जाणार. ते ठरलेलं नसेल तर सापळा कितीही स्मार्ट असो, त्याचा डॅशबोर्ड फक्त उद्घाटनाच्या फोटोत दिसेल. धूर सोडणारी गाडी आधीसारखीच, ज्या गल्लीतून तक्रारी जास्त त्याच गल्लीत जाईल.

तोवर आपल्या हातात आहे तो कोरडा दिवस. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासायची. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. टंचाईत पाणी ओतवत नसेल तर ते गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या आणि टाकीला जाळी किंवा घट्ट झाकण बसवा. फोनमध्ये दर आठवड्याचा रिमाइंडर लावा. डासांच्या बाबतीत सध्या तरी आपल्या फोनचा एवढाच खात्रीचा उपयोग आहे.