सोयाबीन वाचवायचंय: छप्पर द्या, फरशी द्या

नांदेड-लातूरकरांनो,

दसरा सरला. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५च्या पावसाने मांजरा, तेरणा, लेंडी आणि गोदावरीकाठची रानं खरवडून नेली. त्यातून तगलेलं सोयाबीन आता कापणीला आलंय. ते घरात येईपर्यंतचे पंधरा दिवस धोक्याचे आहेत. २०२५च्या खरिपापासून राज्याच्या पीकविम्यातून काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाईही वगळली. त्यामुळे बनमीत, म्हणजे कापलेल्या पिकाच्या गंजीत, काळा पडलेला दाणा म्हणजे सरळ घरचा तोटा.

२०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण त्यासाठी ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. माल २० टक्के ओला असेल, तर क्विंटलमागे नऊ किलो जास्तीचं पाणीच असतं. टेम्पोचं भाडं भरून ते पाणी बाजारात न्यायचं आणि ‘हवा (ओलावा) जास्त, माल डागी’ ऐकून पडेल भावात घालून यायचं! गिरणीचीही सुटका नाही. डागी दाण्याच्या तेलाची आम्लता चढते, शुद्धीकरणात तूट वाढते आणि बुरशीची पेंड कोंबडीखाद्याला चालत नाही.

म्हणून ही कळकळीची विनंती.

शेतकरी बांधवांनो, भगिनींनो, ओल्या शेंगांची बनीम लावू नका. लावावीच लागली तर उंचवट्यावर लावा आणि पाऊस उघडताच ताडपत्री काढा. आत वाफ कोंडली की दाणा सडतो. भिजलेला माल कोरड्यात मिसळू नका.

मळणीयंत्रवाल्यांनो, बियाण्याचा माल जपून काढा. ओलावा १४ टक्के असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५००, १३ टक्के असेल तर ३०० ते ४०० ठेवा. आज फुटलेला दाणा पुढच्या जूनमध्ये उगवणार नाही.

सरपंच, मुख्याध्यापक, देवस्थानांचे विश्वस्त आणि मंगल कार्यालयांचे मालक, तुळशीचं लग्न लागेपर्यंत तुमच्या फरशा बहुतेक रिकाम्याच असतात. दिवाळीच्या सुट्टीत शाळांचे व्हरांडेही मोकळे असतील. तिथे माल पसरू द्या.

बाजार समित्यांनो, शेड आधी शेतकऱ्याच्या मालाला द्या. ओलावा त्याच्यादेखत मोजा, कटती पावतीवर लिहा. वाळलेल्या मालावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी देणारी शेतमाल तारण योजना आहे. तिचा फलक सौद्याच्या जागीच लावा.

गिरणीमालकांनो, ज्यांच्याकडे वाळवणी यंत्रं आहेत त्यांनी ती रास्त दरात शेतकऱ्यांसाठी चालवावीत. चांगला दाणा शेवटी तुमच्याच घाण्यात येणार आहे.

आणि एक काम आजच, दिवेलागणीच्या आत करा. गावात कुणाचं छप्पर मोकळं आहे, कुणाची फरशी, कुणाकडे जादा ताडपत्री आहे, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नावानिशी लिहा. ढग दाटून आले की कुणाच्या दारी धावायचं, हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असू द्या.