स्मिता पाटील आणि घरांतील रिकामें कपाट

आमच्या महाविद्यालयांतील एका तरुण सहकाऱ्यानें परवां आम्हांस विचारलें, "सर, त्या तबकड्या अजून कशाला सांभाळतां? आतां सगळें फोनवर मिळतें." प्रश्नांत थोडी कींव होती. आमची साठी अजून दूर आहे, त्यामुळें ती कींव आम्हांस लागली. पण तीहून अधिक लागला तो 'सगळें' हा शब्द. गेलीं कित्येक वर्षें हा शब्द आमच्या सुशिक्षित वर्गाच्या तोंडीं असा बसला आहे कीं, तो एकदां उच्चारला म्हणजे पुढें विचार करण्याची जबाबदारी संपली असें मानण्यांत येतें. त्या शब्दाची आज आम्ही झडती घेणार आहोंत, आणि त्यासाठीं एकच उदाहरण पुरे आहे: स्मिता पाटील.

स्मिता पाटील यांचा जन्म १९५५ सालीं पुण्यास झाला, आणि १३ डिसेंबर १९८६ रोजीं, एकतीस वर्षांच्या असतांना, त्या वारल्या. 'भूमिका' व 'चक्र' या चित्रपटांसाठीं राष्ट्रीय पारितोषिक, १९८५ सालीं पद्मश्री, आणि २०१३ सालीं भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या टपाल-तिकिटांत एक तिकीट, एवढा मान सरकारनें त्यांस दिला. आमच्या वर्गानेंही हात आंखडता घेतलेला नाहीं. दर डिसेंबरांत वर्तमानपत्रांतून त्यांच्या डोळ्यांवर लेख येतात. (डोळ्यांवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, या नटीस आवाजही होता आणि चालण्याची स्वतःची एक रीत होती, याचा लोकांस विसर पडला आहे.) पण हे लेख वाचून एखाद्या मुलीस ते डोळे प्रत्यक्ष पाहावेसे वाटले, तर तिनें काय करावें, हें कोणी सांगत नाहीं.

आम्ही निलंग्यास इंग्रजी वाङ्मय शिकवितों. कांहीं वर्षांपूर्वीं कादंबरी व चित्रपट यांची तुलना शिकवितांना आम्हीं वर्गास विचारलें कीं, स्मिता पाटील यांचें काम कोणकोणीं पाहिलें आहे? बरेच हात वर झाले. आम्हांस आनंद झाला. तो फार वेळ टिकला नाहीं. बहुतेकांनीं पाहिलें होतें तें 'नमकहलाल' मधील पावसांतलें गाणें. त्या गाण्याचा खुद्द त्यांस किती संकोच वाटला, हें पुष्कळ ठिकाणीं छापून आलेलें आहे. तें गाणें आज प्रत्येकाच्या खिशांत आहे, आणि 'उंबरठा' त्या वर्गांत एकानेंही पाहिलेला नव्हता. 'सगळें मिळतें' याचा व्यवहारांतील अर्थ हा असा आहे.

येथें एखादा वाचक म्हणेल कीं, वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत नटीची चर्चा कशास? 'जैत रे जैत' (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, 'उंबरठा' (१९८२) शांता निसळ यांच्या 'बेघर' वरचा, आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल. श्याम बेनेगलांची 'भूमिका' (१९७७) भाषेनें हिंदी खरी, पण तिचें मूळ हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या मराठी आत्मचरित्रांत आहे. म्हणजे आमच्या वाङ्मयाचा एक भाग या एका बाईच्या शरीरांतून आणि आवाजांतून पुन्हां एकदां लिहिला गेला आहे. कादंबरी जपावयाची आणि तिचें हें दुसरें रूप वाऱ्यावर सोडावयाचें, यांत वाङ्मयप्रेम कोठें दिसतें? पुस्तकाची निदान कायद्यानें सोय केलेली आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणें प्रकाशकास आपल्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व आणखी कांहीं ठराविक ग्रंथालयांस द्यावी लागते. तो कायदा पुस्तकांचा व वृत्तपत्रांचा आहे. चित्रपटांस तो लागू नाहीं.

आतां 'उंबरठा' आम्हीं स्वतः प्रथम कोठें पाहिला, तें सांगणें प्राप्त आहे. ऐंशीच्या दशकांत आमच्याकडे रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरते भाड्यानें आणण्याची चाल होती. गल्लींतले लोक वर्गणी काढीत, अंगणांत सतरंजी पडे, आणि रात्रीं नवापासून उजाडेपर्यंत तीन-तीन चित्रपट चालत. मारामारीचा पहिला, विनोदी दुसरा, आणि भाडें दिलेंच आहे तर वसूल व्हावें म्हणून कोणीतरी उचललेली तिसरी कॅसेट. अशी तिसरी कॅसेट एका रात्रीं 'उंबरठा'ची निघाली. पहांटेचे दोन वाजून गेले होते. पुरुषमंडळी झोपीं गेलीं होतीं. जाग्या होत्या त्या बायका. टॉकीजमध्यें पाऊल न टाकलेल्या, नवऱ्याच्या परवानगीवांचून माहेरींही न जाणाऱ्या त्या बायकांनीं, सुलभा महाजन नांवाची बाई घर आणि लहान मुलगी मागें ठेवून सुधारगृहाची नोकरी करावयास जाते, परत येते, आणि पुन्हां निघून जाते, ही गोष्ट शेवटपर्यंत पाहिली. चित्रपट संपल्यावर कोणी बोललें नाहीं. शेजारच्या एका काकूंनीं तेवढें आमच्या मातोश्रींस विचारलें, "मंग ती गेली कुठं ओ?" मातोश्रींनीं उत्तर दिलें नाहीं, त्या चुलीकडे गेल्या.

उंबरठा ओलांडणाऱ्या बाईचा चित्रपट ज्यांच्यासाठीं काढला होता, त्यांच्यापर्यंत तो उंबरठ्याच्या आंत, घरांतल्या यंत्रावर पोंचला. चित्रपटगृहानें हें काम केलें नसतें. आणि पुण्यामुंबईच्या चित्रपट-मंडळांनीं तर नाहींच नाहीं. म्हणून घरगुती कॅसेटीस आणि तबकडीस कमी दर्जाची वस्तु समजणाऱ्या कलाभिज्ञांचें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

मात्र ती वस्तु चांगली काढली गेली, असेंही आम्ही म्हणत नाहीं. व्हीसीडीवरचें चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचें असे, डीव्हीडीवरचें ७२० बाय ५७६. एका व्हीसीडींत सुमारें ऐंशी मिनिटांहून अधिक मजकूर मावत नसे, म्हणून चित्रपट दोन तुकड्यांत, आणि तुकडा कोठें पडावा याचा विचार करणारा कोणी नाहीं. 'भूमिका' या चित्रपटांत गतकाळ कृष्णधवल आणि वर्तमान रंगीत अशी योजना आहे. गोविंद निहलानी यांच्या छायालेखनाचा तो प्राण आहे. आमच्याजवळच्या जुन्या कॅसेटींत रंग इतके विटले आहेत कीं, कोणता काळ कोणता हें वेषावरून ओळखावें लागतें. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीनें २८ रुपयांस व्हीसीडी आणि ३४ रुपयांस डीव्हीडी विकावयास काढली, तेव्हां आम्हांस वाटलें कीं, आतां तालुक्याच्या गांवींही घरोघर चित्रपटांचें कपाट होईल. झालें उलट. स्वस्त म्हणून लोकांनीं त्या घेतल्या, आणि स्वस्त म्हणूनच पोरांनीं त्या तबकड्या दोरीला बांधून खिडकींत टांगल्या. पुढें ती कंपनीही दिवाळखोरींत निघाली. २०१६ सालीं जपानच्या फुनाई कंपनीनें व्हीसीआर बनविणें थांबविलें. जगांत तें यंत्र बनविणारी ती शेवटची.

त्यानंतर आलें तें महिन्याच्या वर्गणीचें युग. त्याविरुद्ध आमची तक्रार अशी कीं, तेथें वर्गणीदाराच्या हातीं कांहींच राहात नाहीं. एका सेवेच्या यादींत आम्हीं एक जुना चित्रपट वर्गास दाखविण्यासाठीं नोंदवून ठेविला होता. व्याख्यानाच्या आदल्या रात्रीं तो उघडला, तों 'सध्यां उपलब्ध नाहीं' एवढी ओळ पुढें आली. वर्गणी अर्थातच कापली गेली होती. पुस्तकाच्या दुकानदारानें विकलेलें पुस्तक रात्रींतून आमच्या कपाटांतून काढून नेलें, तर त्यास आपण काय म्हणूं? येथें तेंच झालें, आणि त्यास सोय असें नांव आहे. कायद्यानें चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षें चालतो. म्हणजे 'जैत रे जैत' २०३७ अखेर, 'उंबरठा' २०४२ अखेर. हक्कदारांचा हा हक्क आम्हांस मान्य आहे, चोरीच्या प्रतींची वकिली आम्ही करीत नाहीं. पण विकावयाचेंही नाहीं आणि सोडावयाचेंही नाहीं, हा हक्क कसला?

दूरचित्रवाणीवरील कामाची कथा याहून शोचनीय आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि तेथें मराठी बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील यांच्याकडे बेनेगलांचें लक्ष गेलें. म्हणजे या नटीचा पहिला पडदा घरांतला होता. त्या बातम्या थेट वाचल्या जात, आणि फीत महाग होती. आमच्या वर्गास त्यांतलें एखादें मिनिट दाखवावें म्हणून आम्हीं पुष्कळ खटपट केली. हातीं आलीं तीं केवळ छायाचित्रें. पुढें १९८१ सालीं सत्यजित राय यांनीं दूरदर्शनसाठीं प्रेमचंदांच्या कथेवरून 'सद्गति' केला. ओम पुरी दुखी, स्मिता पाटील त्याची बायको झुरिया, मोहन आगाशे ब्राह्मण. तासाच्या आंतलें काम. पण नवऱ्याच्या प्रेताची वार्ता ऐकून ब्राह्मणाच्या दारीं आलेली ती बाई आम्हीं एकदां पाहिली, ती आजतागायत डोळ्यांपुढून हालली नाहीं. जनतेच्या पैशानें झालेलें हें काम शाळा-महाविद्यालयांस स्वच्छ प्रतींत मागतांक्षणीं मिळावें, ही अपेक्षा फार मोठी आहे काय?

फिती पुसण्याचें पाप एकट्या आमच्याच देशानें केलें असें नाहीं. ब्रिटनच्या बी.बी.सी.नें साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हां वापरल्या. 'डॉक्टर हू' या एका मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग त्यामुळें नाहींसे झाले. त्यांचा आवाज मात्र सगळा वांचला, कारण घरोघरच्या पोरांनीं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो उतरून घेतला होता. अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या ग्रंथपाल बाईनें तीस वर्षांहून अधिक काळ घरीं बसून बातम्या ध्वनिचित्रमुद्रित केल्या. तिच्या मागें हजारों कॅसेटी राहिल्या, आणि आज त्या अभ्यासकांच्या उपयोगीं पडत आहेत. संस्थांनीं टाकलें तें घरांनीं राखलें. आमच्याच भागांत निजामी अमदानींत मराठी पुस्तकें लोकांनीं अशींच राखलीं, तेव्हां कोणी त्यांस भाबडे म्हटलें नाहीं.

फीत म्हणजे काय, हें आम्हांस ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर कळलें. किल्लारीच्या बाजूचा एक गृहस्थ एकदां आमच्याकडे आला. त्याच्या पिशवींत बहिणीच्या लग्नाची एक कॅसेट होती, मातीनें आणि बुरशीनें भरलेली. तींत त्याची आई अक्षता वांटतांना कोठेंतरी दिसते, एवढेंच त्यास ठाऊक होतें. आई भिंतीखालीं गेली होती. घरांत छायाचित्रही उरलें नव्हतें. आमच्या यंत्रावर कॅसेट चालली नाहीं. पुढें त्यानें हैदराबादेस जाऊन ती साफ करून घेतली, आणि आईचीं तीन-चार क्षणांचीं दृश्यें मिळाल्याचें आवर्जून येऊन सांगितलें. त्यानंतर मृत माणसाचें चालतेंबोलतें चित्र ही चैनीची वस्तु आहे, असें म्हणणाऱ्याशीं आम्ही वाद घालीत नाहीं. आमच्या वर्गांतल्या लोकांनीं स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटी पैसे मोजून पेनड्राइव्हवर घेतल्या, तेंही योग्यच केलें. पण त्याच कपाटांतली 'उंबरठा'ची किंवा 'भूमिका'ची कॅसेट त्यांनीं भंगारवाल्यास दिली.

'जुन्या चित्रपटांस गिऱ्हाईक नाहीं', असें व्यापारी सांगतात. मग 'मंथन'चें काय? १९७६ सालीं गुजराथेंतल्या पांच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनीं दोन-दोन रुपये घालून काढलेला तो चित्रपट. त्यांत बिंदूचें काम स्मिता पाटील यांचें. फिल्म हेरिटेज फाउंडेशननें त्याचा जीर्णोद्धार केला. मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत जपलेली होती, म्हणून चित्र मिळालें. ध्वनि एका जुन्या प्रदर्शन-प्रतीवरून घ्यावा लागला. मे २०२४ मध्यें तो कान येथें दाखविला गेला, आणि जूनमध्यें आमच्या देशांतील चित्रपटगृहांतून पुन्हां लागला. दोन रुपयांच्या शेतकऱ्यांचा चित्रपट असा सुधारतां येतो, तर मराठीच्या दोन चित्रपटांसाठीं महाराष्ट्रास हात पसरावा लागूं नये. आमचें मागणें साधें आहे. 'जैत रे जैत', 'उंबरठा', 'भूमिका' आणि 'सद्गति' यांच्या शुद्ध, अखंड, मराठी व इंग्रजी उपशीर्षकांच्या प्रती निघाव्यात. त्या विकत मिळाव्यात, भाड्यानें नव्हे. आणि जिल्ह्याच्या व तालुक्याच्या प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयांत 'बेघर' आणि 'सांगत्ये ऐका' यांच्या शेजारीं एकेक प्रत असावी. किंमत चार कादंबऱ्यांएवढी असली तरी हरकत नाहीं. ज्या घरांत दिवाळी अंकांवर दर वर्षीं तेवढा खर्च होतो, तेथें ती जड जाऊं नये.

येत्या १३ डिसेंबरास स्मिता पाटील यांच्यावर व्याख्यान द्यावें म्हणून एका मंडळाचें आम्हांस निमंत्रण आलें आहे. आम्हीं उत्तर पाठविलें कीं, व्याख्यान दहा मिनिटांचें देऊं, मात्र त्यापुढें 'उंबरठा' चांगल्या प्रतीवरून संपूर्ण दाखवावा, आणि बायकांना येतां यावें म्हणून दुपारची वेळ धरावी. चिटणिसांचें उत्तर अजून आलेलें नाहीं.