कापलेल्या अंगठ्यांची दंतकथा आणि विणकरांचा खरा हिशेब

7 ऑगस्ट 1905 रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत स्वदेशी आणि बहिष्काराची हाक दिली गेली. त्या दिवसाची आठवण म्हणून 2015 सालापासून हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने होणाऱ्या भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येते : इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे कापले आणि मलमल नष्ट झाली. बंगालमध्ये ते बोलले जाते, तसेच सोलापूर-मालेगावच्या सभांतूनही बोलले जाते. डाव्या चळवळीतील वक्तेही त्याला अपवाद नाहीत. वाक्य प्रभावी आहे, श्रोत्यांच्या मनात संताप उत्पन्न करणारे आहे. परंतु ते खरे आहे काय?

या वाक्याला आधार देणारा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. जो आहे तो वेगळेच सांगतो. विल्यम बोल्ट्स नावाचा कंपनीचा एक नोकर खाजगी व्यापारात गुंतला, वरिष्ठांशी भांडला आणि 1768 साली त्याला बंगालमधून सक्तीने परत पाठविण्यात आले. 1772 साली त्याने लंडनमध्ये कंपनीच्या कारभारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अंगठ्यांचा उल्लेख येतो. मात्र ते अंगठे मलमल विणणाऱ्यांचे नव्हेत, कच्चे रेशीम उकलणाऱ्या कामगारांचे होते. आणि ते इंग्रजांनी कापले नव्हते. सक्तीने रेशीम उकलावे लागू नये म्हणून कामगारांनी स्वतःचेच अंगठे तोडल्याची उदाहरणे घडली, असे बोल्ट्स लिहितो. तो कंपनीचा शत्रू होता, म्हणून त्याची साक्षही सावधपणेच वाचली पाहिजे. तरीही एवढे स्पष्ट आहे की मूळ नोंदीतील कर्ता आणि कर्म ही दोन्ही पुढे बदलली, आणि त्यातून आजची दंतकथा तयार झाली.

यावर कोणी म्हणेल की तपशील चुकला तरी आशय खराच आहे. मग हा काथ्याकूट कशासाठी? प्रश्न तपशिलाचा नाही. ही दंतकथा शोषणाची एक संपूर्ण व्यवस्था झाकून टाकते आणि तिच्या जागी चार क्रूर माणसे उभी करते. क्रूर माणसे निघून गेली की कथा संपते. व्यवस्था मात्र मालक बदलूनही टिकू शकते.

श्रमाची साखळी

प्रथम ही मलमल कशी होत असे ते पाहिले पाहिजे. ढाक्याचे सिव्हिल सर्जन जेम्स टेलर यांनी 1840 साली ढाक्याविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील सुती कापडावरील त्यांचे दुसरे पुस्तक 1851 साली आले. मेघनेच्या काठच्या जमिनीत ‘फुटी’ जातीचा कापूस पिके. त्याचा तंतू आखूड होता. यंत्राला तो मानवला नसता. बोआल माशाच्या जबड्याचे बारीक दात फणीसारखे वापरून कापूस विंचरला जाई. सूत कातणाऱ्या बहुधा अठरा ते तीस वर्षांच्या स्त्रिया असत, कारण वय वाढले की नजर आणि बोटे तितकी साथ देत नसत. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून त्या पहाटे दव असताना आणि पुन्हा दुपार कलल्यावर कातीत. हवा ओलसर राहावी म्हणून पाण्याचे भांडे जवळ ठेवीत. एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, कापसापासून अडीचशे मैलांहून अधिक लांब धागा निघेल इतक्या तलम सुताची नोंद टेलर यांनी केली आहे.

त्यानंतर विणकर ताणा लावी, खळ देई, खड्ड्याच्या मागावर बसे. आषाढ ते भाद्रपदातील दमट हवा तलम विणकामास सर्वांत अनुकूल मानली जाई. उत्कृष्ट मलमलीचे अर्धे ठाण विणायलाही पाच-सहा महिने लागत. विणून झाल्यावर धोबी, धुताना सरकलेले धागे पुन्हा जागेवर आणणारे कारागीर, रफूगर, शंखाने कापड घोटणारे, असे अनेक हात त्यावरून फिरत. ‘शबनम’, ‘आब-ए-रवाँ’ ही नावे दरबाराने दिली. ज्यांच्या हातून ते कापड झाले त्यांची नावे बहुतेक कोठेही नोंदलेली नाहीत.

तथापि कंपनीपूर्व काळ हा कारागिरांचा सुवर्णकाळ होता, असे मानण्याचेही कारण नाही. बादशहा आणि नवाब यांच्यासाठी कापड विणवून घेणाऱ्या ‘मलबूस खास’ कोठ्यांत निवडक विणकरांना दारोग्यांच्या देखरेखीखाली बसावे लागे. कौशल्य असणे हेच तेथे संकट ठरे, कारण कुशल माणसाला सरकारी कामातून सुटका नसे. फरक असा होता की बाजारात ग्राहक अनेक होते. दरबाराबरोबरच आर्मेनियन, मोगल, पठाण, डच, फ्रेंच आणि इंग्रज व्यापारी एकमेकांशी स्पर्धा करीत. आगाऊ रक्कम देण्याची ‘दादनी’ पद्धत तेव्हाही होती. पण भाव न पटल्यास उचल परत करून माल दुसऱ्याला विकण्याची मुभा विणकराला बऱ्याच अंशी होती.

उचल आणि गुमास्ता

ही मुभा संपविण्यात आली, हे कंपनीचे खरे कर्तृत्व. 1753 साली कंपनीने दादनी व्यापाऱ्यांना बाजूला सारून आपल्या पगारी गुमास्त्यांमार्फत माल घेण्यास आरंभ केला. 1757 च्या प्लासीनंतर या गुमास्त्यांच्या पाठीशी राजसत्ता उभी राहिली. बोल्ट्सने या पद्धतीचे वर्णन केले आहे. गुमास्ता गावात येऊन कचेरी मांडी. शिपायांकरवी विणकरांना बोलावी. किती माल, कोणत्या दिवशी, काय भावाने द्यायचा याच्या मुचलक्यावर सह्या घेई. विणकराची संमती आवश्यक मानली जात नसे. उचल नाकारणाऱ्याच्या कमरेला पैसे बांधून त्याला कोरडे मारून हाकलल्याचे प्रकारही त्याने नोंदले आहेत. ठरविलेला भाव खुल्या बाजारापेक्षा निदान पंधरा टक्के, आणि काही ठिकाणी चाळीस टक्के कमी असे, असा त्याचा हिशेब आहे.

1765 साली दिवाणी मिळाल्यावर तर कंपनीला कापडासाठी इंग्लंडहून चांदी आणण्याची गरजही फारशी उरली नाही. बंगालच्या शेतकऱ्याकडून वसूल केलेल्या महसुलातूनच बंगालच्या विणकराचे कापड खरेदी होऊ लागले. म्हणजे एका शोषिताच्या घामातून दुसऱ्याची उचल दिली जाई आणि माल लंडनच्या लिलावात विकला जाई. 1770 च्या दुष्काळात बंगालची एक-तृतीयांश लोकसंख्या नष्ट झाल्याचा अंदाज त्या काळी व्यक्त झाला. तरीही ही खरेदी थांबली नाही. पुढे 1793 च्या 31 व्या रेग्युलेशनने कंपनीच्या व्यापारी अधिकाऱ्यांचे आणि विणकरांचे संबंध कायद्यात बसविले. कंपनीची उचल अंगावर असलेल्या विणकराने तिचा माल पुरा करण्याआधी दुसऱ्याचे काम घेणे हा त्यामुळे निव्वळ करारभंग राहिला नाही. तो सरकारी दंडाचा विषय झाला.

विणकर गप्प बसले नाहीत. त्यांनी अर्ज केले, माल चोरून खाजगी व्यापाऱ्यांना विकला, उचल अंगावर असताना गावे सोडली, कित्येकांनी मागच सोडला. बांगलादेशच्या अभ्यासक हमीदा हुसैन यांच्या 1988 सालच्या ग्रंथात बंगालमधील कंपनीच्या विणकरांचा हा इतिहास सविस्तर आला आहे.

आता अंगठ्यांच्या कथेतील विसंगती लक्षात येईल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीला मलमल हवी होती. ती युरोपातील श्रीमंतांची हौस होती. 1783 साली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे साध्या पांढऱ्या मलमलीतील चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागले तेव्हा राणीला असा वेश शोभत नाही म्हणून गहजब झाला होता. ज्या बोटांवर नफा अवलंबून आहे ती बोटे कापणारा व्यापारी असत नाही. तो ती बोटे बांधून ठेवतो. पुढे लँकेशायरच्या गिरण्यांचा माल तयार झाला, तेव्हा ती बोटे कापण्याची गरजच उरली नाही.

जकात, यंत्र आणि शांतिपूरची विधवा

सॅम्युएल क्रॉम्प्टनने 1779 साली ‘म्यूल’ हे सूतकताईचे यंत्र सिद्ध केले आणि तलम सूत गिरणीत निघू लागले. 1813 साली भारताशी व्यापार करण्याची कंपनीची मक्तेदारी संपली. त्या सुमारास इंग्लंडमध्ये भारतीय मलमलीवर 44 टक्के आणि इतर सुती कापडावर 80 टक्क्यांहून अधिक जकात होती. उलट इंग्लंडचा माल बंगालमध्ये नाममात्र जकातीवर उतरत होता. 1817 साली ढाक्याची व्यापारी रेसिडेन्सी बंद झाली. त्यानंतर काही वर्षांतच विलायती सूत ढाक्याच्या मागांवर पोहोचले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. विलायती सुताने प्रथम बळी घेतला तो विणकराचा नव्हे, कातणाऱ्या स्त्रीचा. विणकर निदान काही काळ यंत्राच्या स्वस्त सुतावर तगून राहिला. दंतकथेत ही स्त्री कोठेच नाही. परंतु इतिहासात तिचा आवाज एकदा तरी उमटला आहे. जानेवारी 1828 मध्ये ‘समाचार दर्पण’ या बंगाली पत्रात शांतिपूरच्या एका सूत कातणाऱ्या विधवेचे पत्र प्रसिद्ध झाले. बाविसाव्या वर्षाच्या सुमारास तिला वैधव्य आले. पदरी तीन मुली होत्या. सुताच्या कमाईवर तिने सासूसासऱ्यांना पोसले, मुलींची लग्ने केली, सासऱ्याचे श्राद्ध केले. तेव्हा विणकर घरी येऊन, आगाऊ पैसे देऊन सूत नेत. आता दारी कोणी येत नाही. बाजारात पाठविले तरी पूर्वीच्या पाव किमतीलाही कोणी विचारत नाही.

मग तिने विलायती सूत स्वतः पाहिले. ते आपल्या सुताहून सरस आहे, हे तिने मान्य केले. त्याचा भाव ऐकून तिने जो निष्कर्ष काढला तो विलक्षण आहे : इतक्या कमी पैशात इतके सूत देणाऱ्या त्या परदेशी स्त्रिया आपल्यापेक्षाही गरीब आणि दुःखी असल्या पाहिजेत. यंत्राची तिला कल्पना नव्हती, म्हणून तपशिलात तिची चूक झाली. पण तिचा रोख चुकला नव्हता. त्या काळी लँकेशायरच्या गिरण्यांत बायका आणि मुले दिवसाचे बारा-तेरा तास राबत होती. इंग्लंडचे हातमाग विणकर 1808 साली किमान मजुरीचा कायदा मागत होते. पार्लमेंटने तो फेटाळला आणि मँचेस्टरच्या विणकरांनी संप केला. पुढे यंत्रमागाने त्यांचीही वाताहत केली. गिरण्यांत जाणारा कापूस अमेरिकेतील गुलामांच्या हातांनी वेचलेला होता. एका निरक्षर समजल्या जाणाऱ्या विधवेच्या चार ओळींत जी श्रमिक भगिनीभावाची जाणीव आहे, ती अंगठ्यांच्या कथेत शोधूनही सापडणार नाही.

हानीचे मोजमाप हा अर्थशास्त्रज्ञांत वादाचा विषय राहिला आहे. जाडेभरडे कापड विणणारे माग अनेक ठिकाणी टिकले, हे सत्य आहे. तथापि अमियकुमार बागची यांनी बुकनन-हॅमिल्टनच्या पाहणीची 1901 च्या जनगणनेशी तुलना करून दाखविले की गंगेकाठच्या बिहारमध्ये उद्योगांवर जगणाऱ्या लोकांचे प्रमाण 1809-13 मधील 18.6 टक्क्यांवरून 8.5 टक्क्यांवर आले. एकही अंगठा न कापता झालेली ही हानी आहे.

आजचे मुचलके

हा हिशेब केवळ गतकाळाचा नाही. 2019-20 च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे 35 लाख हातमाग कामगार आहेत. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत असल्याचे तीच गणना सांगते. कित्येक विणकर आजही सावकार-व्यापाऱ्याकडून सूत आणि उचल घेतात व तयार माल त्यालाच, त्याच्याच भावाने देतात. दादनी हा शब्द गेला, संबंध राहिला. 1985 च्या कायद्याने 22 प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले होते. पुढे ती यादी 11 वर आणण्यात आली. 2020 साली अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झाले आणि विणकरांच्या प्रतिनिधींना बोलण्यासाठी असलेली एक जागाही गेली. त्याच वर्षी शेजारच्या बांगलादेशात ढाक्याच्या मलमलीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. मलमल पुन्हा विणली जात आहे ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती विणणाऱ्याला आणि त्याआधी सूत कातणारीला काय मिळते, हा प्रश्न वारशाच्या समारंभातही विचारला गेला पाहिजे.

म्हणून येत्या 7 ऑगस्टला व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी अंगठ्यांची कथा बाजूला ठेवावी. तिच्याऐवजी गुमास्त्याचा मुचलका, 1793 चे रेग्युलेशन, जकातीचे आकडे आणि शांतिपूरच्या विधवेचे पत्र श्रोत्यांपुढे मांडावे. खोटी ठरू शकणारी एक गोष्ट शंभर खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडवते, आणि वसाहतवादाचे गोडवे गाणाऱ्यांना अशीच संधी हवी असते. शिवाय अंगठे कापल्याची कथा ऐकून विणकर हळहळेल आणि घरी जाईल. उचलीचा हिशेब ऐकला तर तो आपली स्वतःची वही उघडून पाहील.